गुरुवारची रांग

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळात पाहुणे उतरवून घ्यायची एक पद्धत आहे. महाराष्ट्रातून कोणी गायक, लेखक, नट दौऱ्यावर आला की त्याला हॉटेलात ठेवत नाहीत. मंडळातल्याच कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये तो चार-सहा दिवस राहतो. "घरगुती पाहुणचार" असं पत्रिकेत छापतात. प्रत्यक्षात कमिटीच्या मीटिंगला जो गैरहजर असतो त्याच्या गळ्यात पाहुणा पडतो. त्या हिवाळ्यात मुलीच्या शाळेत ऑर्केस्ट्रा होता म्हणून मी मीटिंग चुकवली, आणि फोटोग्राफर माझ्या गळ्यात पडले.

साठीचे गृहस्थ. मुंबईचे. तीस वर्षं जगभर फिरून गरिबांचे फोटो काढलेले: वीटभट्ट्या, कचरा वेचणाऱ्या बाया, पुलाखालचे संसार. शनिवारी मंडळात त्यांचा स्लाइड शो होता, आणि ते सोमवारीच आमच्या गावी, नेपरव्हिलला येऊन दाखल झाले. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही म्हणू लागले.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. सकाळी उठून पांघरुणाची नीट घडी करायचे. स्वतःची ताटली स्वतः धुवायचे. माझ्या साध्या मुगाच्या खिचडीला त्यांनी दोनदा छान म्हटलं. माझ्या नवऱ्याने वीस वर्षांत एकदा म्हटलं असेल. असा माणूस डोक्यात जायला वेळ लागतो. मला दोन दिवस लागले.

मंगळवारी संध्याकाळी जेवताना ते खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बर्फ, एकसारखी घरं, एकसारखे गराज. म्हणाले, "वहिनी, इथे गरीब माणूस दिसतच नाही हो."

आता गप्प बसावं की नाही? पण माझी जीभ! त्याच दुपारी मी पँट्रीत चार तास उभी राहून आले होते. शेजारच्या गावात एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये लोकांना फुकट अन्नधान्य देतात, तीच ही पँट्री. मंगळवारी आणि गुरुवारी. मी मंगळवारी तिथे कामाला जाते, डबे मांडते, पिशव्या भरते. कुणाला सांगत नाही, पण कुणी विचारावं असं मनातून वाटत असतंच ना. म्हटलं, "दिसत नाही कसा? मी दर मंगळवारी बघते."

सरांनी घास खाली ठेवला. "मला न्याल?"

तिथे कागदपत्रं विचारत नाहीत. घरी किती जण, एवढंच विचारायचं आणि त्या हिशेबाने सामान द्यायचं. दारावर एक पाटी आहे, फोटो काढू नयेत म्हणून. मी सरांना ते स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "आत येणारच नाही मी. नुसतं बाहेरून बघू." मी कबूल झाले. मंगळवारच्या टीममधले सगळे मला ओळखतात, उगाच प्रश्न नकोत, म्हणून मी म्हटलं, परवा गुरुवारी जाऊ. गुरुवारी मला तिथे कोणी ओळखत नाही. इतकी मी हुशार.

गुरुवारी मी रस्त्याच्या पलीकडे, एका बंद दुकानापुढे गाडी लावली. सरांनी बॅगेतून हातभर लांबीची लेन्स काढली.

"सर, नुसतं बघायचं ठरलं होतं."

"बघतोच आहे," म्हणाले, आणि कॅमेरा डोळ्याला लावून खाली उतरले.

मी हीटर लावून गाडीत बसले, मफलर नाकापर्यंत ओढला आणि मोबाइलमध्ये तोंड खुपसलं. रांग चर्चच्या कोपऱ्यापासून पार्किंगपर्यंत आली होती. मी एकदाच वर बघितलं, तेव्हा टोपी घातलेले एक आजोबा आमच्याकडेच बघत होते. त्यांनी टोपी पुढे ओढली आणि पाठ फिरवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काच खाली करून मी म्हटलं, "सर, चला आता." ते म्हणाले, "दोन मिनिटं, वहिनी." ती दोन मिनिटं अर्धा तास चालली. मी पुन्हा रांगेकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

संध्याकाळी मी कणीक मळत होते. सर लॅपटॉप घेऊन ओट्याशी आले. माझी मुलगी स्टुलावर बसून होमवर्क करत होती, तीही वाकून बघायला लागली. फोटो सुंदर होते. मला तेच जास्त लागलं. मी दर आठवड्याला जी रांग बघते, ज्या रांगेत मला नुसते हात आणि पिशव्या दिसतात, ती त्यांनी अशी काही पकडली होती की मी कणकेचे हात तसेच धरून उभी राहिले.

"आणि हा," ते म्हणाले, "याच्यासाठी मी अर्धा तास थांबलो."

एक बाई पाठमोरी. अंगावर जांभळं जॅकेट, डोक्यावर हुड. चारी बाजूंना बर्फ, आणि खांद्यावर खणाची पिशवी. लाल खण, हिरवे काठ.

त्या पिशव्या मी शिवून घेतल्यात. दोन दिवाळ्यांपूर्वी पुण्याहून खण मागवून बारा पिशव्या केल्या, मंडळाच्या स्वयंपाकाच्या टीमला भेट म्हणून. बारा बायका, बारा पिशव्या. आमच्या बायका त्या वापरून वापरून विटल्या तरी टाकत नाहीत. त्यातल्या एकीच्या पिशवीचा पट्टा तुटला होता आणि तिने त्याच्या जागी काळा जाड पट्टा शिवला होता, प्रवासी बॅगेचा. फोटोत तोच काळा पट्टा होता. आणि ते जांभळं जॅकेट घेताना मी तिच्या सोबत होते. माझं त्याच सेलमधलं निळं आहे.

ती नागपूरची. या देशात माझी कोणी जवळची असेल तर ती. तिचा नवरा दिवाळीपासून "घरूनच काम करतोय, प्रोजेक्ट बदललाय" असं ती सांगत होती. मी ऐकून घेतलं होतं. कणकेचे हात पुसता पुसता मला सगळं कळलं: प्रोजेक्ट बदललेला नाही, लेऑफ झालाय. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. त्यात आमच्या लोकांत एक भीती घट्ट बसलेली आहे की फुकटचं काही घेतलं की ते कुठेतरी नोंदलं जातं आणि ग्रीन कार्डच्या वेळी बाहेर येतं. खरं-खोटं देव जाणे. एवढ्या भीतीतूनही ती रांगेत उभी राहिली, म्हणजे घरी काय असेल. आणि गुरुवारी का? मंगळवारी मी असते म्हणून; घराबाहेर ते मी एकट्या तिलाच सांगितलं होतं.

मुलगी म्हणाली, "आई, डिड ही आस्क हर?"

सरांना इंग्रजी कळत होतं. ते हसून मराठीत म्हणाले, "विचारलं की माणूस पोझ देतो, बाळा. न विचारता मिळतं ते खरं."

मी म्हटलं, "सर, हा शनिवारी दाखवू नका."

"का?"

का ते कसं सांगणार? मी तिला ओळखते म्हटलं की झालंच. म्हटलं, "ती आमच्यातली कोणीतरी आहे. पिशवी आमच्या मंडळाची आहे."

"अहो, म्हणूनच तर!" ते खुर्ची ओढून बसले. "अमेरिकेच्या बर्फात खण! वहिनी, राग मानू नका, पण तुम्ही लोक झाकता. ज्याला विचारावं तो म्हणतो, मस्त चाललंय. कोणीतरी दाखवायला नको?"

हे मला झोंबलं, कारण खोटं नव्हतं. मी स्वतः त्याच आठवड्यात बहिणीला फोनवर मस्त चाललंय म्हटलं होतं, आणि नवऱ्याच्या ऑफिसात लेऑफची कुजबुज सुरू होती. पण म्हणून काय दुसरीच्या पाठीवर कॅमेरा धरायचा?

"चेहरा कुठे दिसतोय?" ते म्हणाले.

"चेहरा हवाय कशाला? पिशवी दिसतेय ना. सर, एक सांगा. तुम्ही तीस वर्षं ज्यांचे फोटो काढलेत, त्यातलं कोणी कधी तुमच्या शोला येऊन खुर्चीवर बसलंय?"

त्यांनी विचार केला. "नाही. तसं नाही आलं कोणी."

"ही येणार आहे. ही शनिवारी मागे चहा गाळत असेल."

ते लॅपटॉप मिटून म्हणाले, "बघतो." मराठी माणूस बघतो म्हणाला की काय समजायचं ते मला कळतं. रात्रीच्या जेवणाआधी मी नवऱ्याला बाजूला घेतलं, तर तो म्हणतो, "अगं, पाहुणा आहे, जास्त ताणू नकोस." पाहुणा आहे म्हणून मी पोळ्या लाटत होते, नाहीतर लाटणं दुसऱ्या कामाला आलं असतं.

शुक्रवारी मी तिला फोन केला. काय बोलायचं याची उजळणी करून केला, तरी घोटाळा केलाच. म्हटलं, "अगं, उद्या तू नको येऊस. दमली असशील. चहाचं मी बघते."

"काहून?" ती म्हणाली. "मागच्या वेळी माझा चहा बिघडला होता का?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

मी उगाच वड्यांचा विषय काढला. तिचा आवाज बदलला. "कोणी काही बोललं का तुला?" मी म्हटलं, छे, कोण काय बोलणार. ती म्हणाली, "मी येऊन राहिली आहे." आणि शनिवारी ती सगळ्यांच्या आधी अर्धा तास हजर. खणाची पिशवी खांद्याला, त्यात आलं आणि वेलची. पिशवी घरी ठेवून ये असं सांगावंसं वाटलं, पण कोणत्या तोंडाने?

कार्यक्रम लायब्ररीच्या हॉलमध्ये होता. शोच्या आधी मी सरांना पुन्हा गाठलं. ते प्रोजेक्टरची वायर लावत होते, आजूबाजूला कमिटीचे चौघे. त्यांनी नुसता हात वर केला, लक्षात आहे अशा अर्थी. मी त्या हातावर विश्वास ठेवला.

तासभर शो चालला. वीटभट्टीची बाई आली, लोक हळहळले. कचऱ्याच्या ढिगावर बसलेली बाई आली, लोक हळहळले. पुढच्या रांगेतल्या एक काकू दर फोटोला "अरेरे" म्हणत होत्या, आणि मागून येणाऱ्या बटाटेवड्याच्या वासाकडे मधूनच वळूनही बघत होत्या. मीही अशा शोमध्ये नेहमी तेच केलंय, त्यांना काय बोलू. मग सर म्हणाले, "आणि आता शेवटचा. हा तुमच्या इथला आहे."

पडद्यावर बर्फ आला, आणि त्यात लाल खण.

त्याच काकू म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आपली खणाची पिशवी!" कोणीतरी विचारलं, "कोणाची गं?" आणि माना वळल्या. स्वयंपाकाच्या टीममधल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मोजायला सुरुवात झाली हे दिसत होतं. बारा काही फार नसतात.

ती मागच्या दारात उभी होती, हातात कपांचा ट्रे. पडद्याकडे बघत होती. पिशवी तिच्या मागे टेबलाच्या पायाशी होती, अजून कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

मी उभी राहिले. म्हटलं, "माझी आहे. मी तिथे सेवेला जाते. दर आठवड्याला."

हे बोलल्यावर मी सरांकडे बघितलं. गुरुवारी मी गाडीत बसले होते, त्यांच्यापासून दोन हातांवर. ते आणि मी, दोघांनाच माहीत होतं. त्यांच्या हातात माइक होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, ट्रे धरून उभ्या असलेल्या तिच्याकडे. तिच्यामागे खुंटीला ते जांभळं जॅकेट लटकत होतं. सरांचा चेहरा उतरला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या फोटोतलं माणूस त्यांच्याकडे बघत होतं.

"हो," ते माइकवर म्हणाले. "वहिनींनीच मला ती जागा दाखवली."

खोटं नव्हतं ते. टाळ्या पडल्या. म्हणजे आधी सुटकेचा निःश्वास पडला, मग टाळ्या. आपल्यातलं कोणी रांगेत नव्हतं, आपल्यातलं कोणी तर देणारं होतं, याचा लोकांना केवढा आनंद! मला वाटलं संपलं. मी बसणार तोच मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले.

"आपल्यातच अशी माणसं आहेत आणि आपल्याला पत्ताच नाही," ते म्हणाले. "सरांच्या सत्काराबरोबर वहिनींचाही सत्कार करू या." आमच्याकडे एक शाल नेहमी जास्तीची असते, ऐनवेळी कोणी राहिलं तर वाईट दिसू नये म्हणून. मी नाही नाही म्हणत होते. जितकं नाही म्हटलं तितक्या टाळ्या वाढल्या. लोकांना वाटलं, बघा, किती साधी.

शाल आणि नारळाचं तबक आणायचं काम स्वयंपाकाच्या टीमचं असतं. ते तिनेच सजवलं होतं, म्हणून तीच घेऊन आली. दारापासून स्टेजपर्यंत ती चालत आली तेवढा वेळ मला जमीन दिसत होती. बाईचा सत्कार असेल तर आधी बाईने हळदकुंकू लावायचं. तिने माझ्या कपाळाला बोट टेकवलं. बोट गार होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि कोणीतरी म्हणालं, इकडे बघा, इकडे बघा. मी बघितलं. विचारून काढलेला तो एकच फोटो, आणि त्यात माझा चेहरा चोरासारखा आलाय.

वडे खाताना चार जणांनी मला येऊन सांगितलं की त्यांनाही सेवेला यायचंय. मी तिला शोधलं. ती निघून गेली होती. कप धुऊन, पुसून, उलटे घालून गेली होती.

रविवारी मी सरांना विमानतळावर सोडायला ड्राइव्ह करत होते. अर्ध्या रस्त्यात ते म्हणाले, "मी तो काढून टाकणार होतो. खरंच. पण शेवटी वाटलं, इतका चांगला फोटो..."

"हो, चांगला होता."

"पण वहिनी, तुम्ही त्याचा अर्थच बदललात. आता तो फोटो एका सुखवस्तू बाईच्या सेवेचा झाला."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी फक्त म्हटलं, "टर्मिनल कुठलं?" त्यांनी उतरताना हात जोडले आणि त्या बाईंना माझी माफी सांगा म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच सांगा, फोन नंबर देते. त्यांनी नंबर घेतला नाही. सिक्युरिटीला उशीर होत होता.

माझ्या रागाचं काय करायचं मला कळत नव्हतं. सरांवर राग, अध्यक्षांवर राग, त्या काकूंवर राग. पण त्यांना तिथे घेऊन कोण गेलं होतं? ज्या जागेबद्दल गप्प राहायचं तिची बढाई जेवणाच्या टेबलावर कोणी मारली? तिला फोन करायला मी चारदा हात उचलला आणि चारदा ठेवला. माफी मागायची तर मला माहीत आहे हे कबूल करायला हवं होतं, आणि तिला माहीत होतं की मला माहीत आहे. तरीसुद्धा नाही जमलं.

मंगळवारी मी पँट्रीत टेबलामागे उभी होते. दार उघडलं, रांग आत आली. पाचवी ती होती. जांभळं जॅकेट, हुड मागे टाकलेला, पूर्ण चेहरा उघडा.

माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी काही बोलायच्या आधी शेजारची बाई माझ्याकडे बघू लागली, कारण विचारायचं ते मी विचारत नव्हते. नियम आहे, प्रत्येकाला दर वेळी विचारायचं.

"घरी किती जण?" मी विचारलं. मराठीत.

"चार," ती म्हणाली. "तुला माहीत आहे."

मी मान खाली घालून डबे उचलू लागले. तिने खणाची पिशवी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड उघडं धरलं. काळा पट्टा माझ्या बाजूला लोंबत होता.

"आता मंगळवारीच येत जाईन," ती म्हणाली. "गुरुवारी लोकं फोटो काढून राहिले."

"अगं, मी..."

"राजमा नको टाकू. पोरं खात नाहीत. पीनट बटर असेल तर दोन दे."

मी दोन दिले. तिसरं नियमात बसत नव्हतं, तरी टाकलं. तिने ते काढून परत टेबलावर ठेवलं. दूध, ब्रेड, तांदळाची छोटी पिशवी. सगळं नीट बसलंय का ते तिने आत हात घालून बघितलं, दुकानात बघावं तसं. मग पिशवी खांद्याला लावली आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"शाल कुठे आहे?"

"कपाटात. घडीसुद्धा मोडली नाहीये."

"पुढच्या मंगळवारी घेऊन ये," ती म्हणाली. "माझी आहे ती."